लॅपटॉप चोरीला गेला तर

गोंडपिपरीहून आष्टीकडे जाणारी एसटी वैनगंगा ओलांडते आणि जिल्हा बदलतो. बॅग नदीच्या अलीकडे गेली की पलीकडे, हे सांगता आले नाही तरी अडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. मात्र ‘गहाळ’ असा दाखला घेऊन परतू नका. चोरी असेल तर एफआयआरच हवा. त्याची प्रत फुकट मिळते.

मोबाइल आयएमईआय क्रमांकावरून शोधतात. बहुतेक लॅपटॉपना तो नसतोच. त्यांची खरी ओळख म्हणजे सिरियल नंबर. तो तळाशी, खोक्यावर आणि बहुधा बिलावर असतो. मुद्देमाल सापडला की तो आपलाच, हे याच क्रमांकाने पटते; मग न्यायालयाच्या आदेशाने तो सुपूर्तनाम्यावर परत मिळतो.

विंडोजचे ‘फाइंड माय डिव्हाइस’ चोरीआधीच चालू हवे, आणि लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला तरच ठिकाण दिसते. जंगलपट्ट्यात त्यावर फार विसंबू नये. ठिकाण दिसलेच तर स्वतः धावू नका, पोलिसांना दाखवा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदला. आणि सिरियल नंबर आजच वहीत लिहून ठेवा. ती वही लॅपटॉपच्या बॅगेत नको.