दाढीआधी तेल : फायदा किती?

दाढीआधी तेल लावावं का? कल्याणला राहतो, गेली काही वर्षं ब्रश, साबण आणि सेफ्टी रेझरनं दाढी करतोय, म्हणून अनुभवाचं सांगतो.

केस मऊ होतात ते पाण्यानं, तेलानं नाही. कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं गालावर धरा, निम्मं काम तिथंच होतं. कोरड्या दाढीवर आधीच तेल चोपडलं तर पाणी केसात नीट मुरत नाही, शिवाय साबणाचा फेसही बसतो.

मग तेलाचा उपयोग काय? पातं घसरायला. कातडी कोरडी असेल, गळ्यावर पुरळ येत असेल, तर फरक नक्की जाणवतो. आधी तोंड भिजवा, मग ओल्या गालावर खोबरेलाचे तीन-चार थेंबच चोळा आणि त्यावर फेस करा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणून थंडीत तळहातावर विरघळवून घ्या. मुरुमं येणाऱ्यांनी मात्र खोबरेल टाळावं.

फेस पाण्यावरही अवलंबून असतो. आपल्याकडे कल्याणला नळाला उल्हास नदीचं पाणी येतं. पण बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर साबणाला नीट फेस येत नाही. तिथं आधी पाणी बदला. तेलाच्या महागड्या बाटलीपेक्षा नवं पातं घ्या, पैसे तिथं वसूल होतात.