रकान्यातलं शून्य

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, ब्रॅडबरी माउंटन आहे. नावात पर्वत असला तरी उंची अवघी 485 फूट. सह्याद्री पाहिलेला माणूस त्याला टेकडीच म्हणेल. पण 2007 पासून दर वसंतात, 15 मार्च ते 15 मे, तिथल्या उघड्या कातळावर पक्षी मोजणारा माणूस दिवसभर आकाशाकडे डोळे लावून असतो. गळ्यात दुर्बीण, मुठीत आकडे मोजायचा क्लिकर. दक्षिणेत हिवाळा काढून घरट्यांसाठी उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी तो एकेक करून मोजतो.

जागा मोक्याची आहे. रुंद पंखांच्या पक्ष्यांना पंख मारत हजारो किलोमीटर जाणं परवडत नाही. उन्हानं जमीन तापली की गरम हवा वर चढते. या थर्मलमध्ये घिरट्या घालत पक्षी आयती उंची गाठतो आणि मग पुढच्या थर्मलपर्यंत तरंगत जातो. वसंतातला अटलांटिक मात्र गार असतो, त्यावर असे थर्मल उठत नाहीत. म्हणून पक्षी जमीन सोडत नाहीत, आणि किनाऱ्याजवळच्या या माथ्यावरून त्यांची वाट दिसते.

एप्रिलच्या उत्तरार्धात ब्रॉड-विंग्ड हॉकचे दिवस येतात. हा पक्षी जेमतेम कावळ्याएवढा, पण थेट मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून येतो. खालून पाहिलं तर फिकट पंखांना काळी किनार, शेपटीवर जाड काळे-पांढरे पट्टे. एकाच थर्मलमध्ये कितीतरी जण शिरले की आकाशात नुसता भोवरा फिरतो. तिथेच मोजायला गेलं तर एक पक्षी तीनदा मोजला जातो. जाणकार थांबतो. भोवऱ्याच्या माथ्याशी पोहोचलेला पक्षी पंख जरा आखडून उत्तरेकडे निघतो, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. अशी रांग लागली की क्लिकर वाजू लागतो. पांढऱ्या ढगांवर पक्षी उठून दिसतो. निरभ्र निळाईत तोच ठिपका हरवतो.

आणि उत्तरेचा बोचरा वारा सुटला की तासामागून तास रकान्यात शून्य पडत राहतं. मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे शून्य. किती तास पाहिलं आणि त्यात काय दिसलं, दोन्ही लिहिलं तरच एका वर्षाची तुलना दुसऱ्याशी होते. पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनचंच उदाहरण घ्या. तिथे एके काळी लोक गरुड-ससाण्यांवर बंदुका झाडत. 1934 मध्ये रोझली एज यांनी तो डोंगर वाचवला आणि तिथे मोजणी सुरू झाली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात बाल्ड ईगलचे लहान वयाचे पक्षी फारच कमी दिसतात, हे त्या नोंदींतून उघड झालं. रेचल कार्सन यांनी 1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ते आकडे मांडले. 1972 मध्ये अमेरिकेनं डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली. ब्रॅडबरीवर मोजणी सुरू झाली त्याच वर्षी, 2007 मध्ये, बाल्ड ईगलचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या राष्ट्रीय यादीतून निघालं.

आपल्या सोलापूरच्या माळरानांवर हिवाळ्यात उतरणारे भोवत्ये हे शिकारी पक्षीही मार्च-एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघतात. जवळ माळ असेल तर एक जागा, एक वेळ ठरवा आणि वहीत तारीख-आकडा लिहीत जा. ते निघून गेल्यावरही आठ-दहा दिवस जात राहा, आणि त्या दिवसांचं शून्यही लिहा.