एक टाकी, अनेक प्रयोग

बऱ्याच घरांत आणि शाळांत मासे पाळण्याची काचेची टाकी हौसेने आणली जाते. पहिल्या काही आठवड्यांतच मासे मरू लागतात आणि मग रिकामी टाकी माळ्यावर किंवा कपाटावर जाऊन बसते. 'मासे का मेले?' हा प्रश्न मात्र तसाच राहून जातो. आपण ती टाकी खाली उतरवू आणि याच प्रश्नापासून सुरुवात करू.

समतोल टाकी

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये एका भांड्यात वाळू, पाणी, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. उजेडात वनस्पती ऑक्सिजन देईल, तो माशांना मिळेल, असा त्यांचा विचार होता. पण वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये वॉरिंग्टन यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला.

या साखळीतला एक दुवा तेव्हा माहीत नव्हता. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. वाळूवर, दगडांवर वाढणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरे काही जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना घातक. नायट्रेट मात्र बरेच सौम्य, शिवाय वनस्पतींना खत म्हणून उपयोगी. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात टाकी माशांनी भरली की मासे मरतात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असूनही मरतात!

म्हणून सुरुवातीला एक-दोन काटक मासेच ठेवावेत, चिमूटभरच अन्न द्यावे. आठवड्यातून एकदा साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवले की त्यातला क्लोरीन निघून जातो. टाकी पूर्ण रिकामी करून वाळू नळाखाली खळखळून धुतली, तर आपण जीवाणूच धुऊन टाकतो.

डासांचा हिशेब

साठलेल्या पाण्यातल्या वीस अळ्या गप्पी माशांच्या टाकीत सोडा. दर पाच मिनिटांनी किती उरल्या ते मोजा आणि आलेख काढा. तेवढ्याच अळ्या मासे नसलेल्या बरणीत ठेवून तिच्या तोंडाला बारीक जाळीचे कापड घट्ट बांधा. अळी, कोष आणि डास या अवस्था विद्यार्थ्यांना पाहता येतील. प्रयोग संपल्यावर उरलेले पाणी कोरड्या जमिनीवर ओता, म्हणजे अळ्या मरतील.

गळक्या टाकीतले रान

टाकी गळत असेल तरी ती टाकाऊ नाही. लंडनचे एक डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोष ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून नेच्याचे रोप उगवले. आपणही टाकीत खाली खडे, त्यावर थोडा कोळशाचा चुरा आणि वर माती पसरून नेचे आणि शेवाळ लावू शकतो. पाणी शिंपडून वर काच ठेवावी. टाकी उजेडात, पण थेट उन्हात नको. बाष्पीभवन, काचेवर जमणारे थेंब आणि त्यांचे पुन्हा मातीत पडणे, हे जलचक्र वर्गातच दिसेल.

पाणी आणि प्रकाश

न गळणाऱ्या टाकीत मासे ठेवायचे नसतील, तर नुसते पाणी भरा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच टाकीत ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो पाणी मावते. तेव्हा टेबल भक्कम हवे. पाण्यात दुधाचे काही थेंब टाकून खोली अंधारी करा आणि एका बाजूने विजेरीचा झोत सोडा. बाजूने पाहिले तर झोत निळसर दिसतो, समोरच्या टोकाकडून पाहिले तर पिवळट-नारिंगी. निळ्या प्रकाशाचे विकिरण जास्त होते, म्हणून हा फरक. आकाश निळे आणि मावळता सूर्य तांबडा दिसण्याचे कारणही हेच. झोत वरून तिरपा सोडला की पाण्यात शिरताना तो वाकतो. हे वक्रीभवन कोनमापकाने मोजता येते.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे किंवा वनस्पती नदीत, तळ्यात सोडू नयेत. गप्पी आणि सकर मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. सकर मासे आज भारतातल्या अनेक जलाशयांत पसरले आहेत. ते स्थानिक माशांशी अन्नासाठी स्पर्धा करतात आणि त्यांच्या काटेरी परांमुळे कोळ्यांची जाळी फाटतात. नको असलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावेत. वर्गात टाकी भरण्यापूर्वीच विद्यार्थ्यांशी हे ठरवून घ्यावे: सुट्टीत माशांकडे कोण पाहणार आणि वर्ष संपल्यावर ते कुठे जाणार?