सरहद्दीपलीकडून येणारे वर्तमानपत्र

वृत्तपत्रांची मुस्कटदाबी म्हटली की संपादकाची अटक किंवा छापखान्याला ठोकलेले टाळे डोळ्यांसमोर येते; परंतु परवाना, मालकी आणि जाहिरात यांच्या मार्गाने होणारी नाकेबंदी अधिक टिकाऊ असते, आणि आजच्या रशियात ती कशी चालते हे समजून घेताना धाराशिव जिल्ह्याचा 1948 पूर्वीचा अनुभव उपयोगी पडतो.

हा जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे 'गश्ती 53' या परिपत्रकामुळे जाहीर सभेला सरकारची पूर्वपरवानगी लागे, वर्तमानपत्र काढायलाही मंजुरी लागे, आणि गैरसोयीच्या बाहेरच्या पत्रांना संस्थानात प्रवेशबंदी होई. हैदराबादहून 1920 पासून निघणाऱ्या लक्ष्मणराव फाटक यांच्या मराठी साप्ताहिकाचे नाव 'निजाम विजय' होते, यावरून दरबाराच्या नजरेखाली पत्र चालवणे म्हणजे काय याचा अंदाज करता येतो. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र ब्रिटिश हद्दीतून काढले ते याच कारणाने. त्यावर बंदी आली की ते नवे नाव घेऊन पुन्हा निघे. जिल्ह्यातील परंडा किंवा तुळजापूरच्या वाचकाला बार्शी आणि सोलापूर जवळ होते, आणि ही दोन्ही गावे ब्रिटिश मुलखात असल्याने निजामाची बंदी तेथे लागू नव्हती. संस्थानाच्या आत राहून लिहिणाऱ्याला मात्र हा आडोसा नव्हता: भारतात विलीनीकरणाची बाजू घेणारे 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत हत्या झाली.

रशियातही हत्या झाल्या, 'नोवाया गाझेता' या वृत्तपत्राच्या पत्रकार आन्ना पोलित्कोव्स्काया यांची 2006 मध्ये झालेली हत्या त्यांतील सर्वाधिक परिचित. पण व्यवस्थेची खरी बांधणी अधिक शांतपणे झाली. पुतीन यांची बाहुल्यांच्या कार्यक्रमातून टिंगल करणारी 'एनटीव्ही' ही खासगी वाहिनी 2001 मध्ये बंद पडली नाही, तर सरकारच्या प्रभावाखालील गॅझप्रॉम या वायुकंपनीच्या ताब्यात गेली, म्हणजे पडदा तोच राहिला आणि मालक बदलला. पुढे 'परदेशी हस्तक' असा शिक्का मारणारा 2012 चा कायदा 2017 मध्ये माध्यमांनाही लागू झाला. हा शिक्का बसलेल्या पत्राला प्रत्येक बातमीसोबत, मूळ मजकुराच्या दुप्पट आकाराच्या अक्षरांत, आपण परदेशी हस्तक असल्याचे छापावे लागते, आणि असे वाक्य कपाळावर मिरवणाऱ्या पत्राला जाहिरात द्यायला कोणता व्यापारी धजावेल? 'मेदुझा' या वृत्तसंस्थळावर एप्रिल 2021 मध्ये हा शिक्का बसताच जाहिरातदार पांगले आणि त्याला वाचकांच्या वर्गणीवर उभे राहावे लागले. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च 2022 मध्ये लष्कराविषयी 'खोटी माहिती' देणाऱ्यास 15 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. त्याच महिन्यात 'एखो मॉस्क्वी' हे नभोवाणी केंद्र बंद झाले, आणि संपादक दिमित्री मुरातोव्ह यांना आदल्याच वर्षी नोबेल शांतता पुरस्कार मिळालेला असूनही 'नोवाया गाझेता'ला प्रकाशन थांबवावे लागले.

मराठी वाचकांच्या एका पिढीला रशियन सरकारची पत्रकारिता वेगळ्याच रूपात भेटली होती, ती 'सोव्हिएत लँड'च्या गुळगुळीत रंगीत पानांतून; मजकूर कितपत वाचला जाई हे सोडून द्यावे, पण शाळकरी वह्यांना कव्हर घालायला त्या कागदाला तोड नव्हती. त्या पानांवरील हसतमुख कामगारांच्या देशात प्रत्येक छापील ओळ ग्लावलित या 1922 मध्ये स्थापन झालेल्या सेन्सॉर कार्यालयातून जात असे, हे त्या नियतकालिकात अर्थातच येत नसे.

आज मात्र अशी पत्रे सरहद्दीपलीकडून निघतात: 'मेदुझा' 2014 पासूनच लाटव्हियातील रिगा शहरातून चालते आणि 'नोवाया'च्या काही पत्रकारांनीही 2022 मध्ये तेथूनच नवे पत्र सुरू केले, म्हणजे रिगा हे त्यांचे सोलापूर ठरले. येथे साम्य संपते. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरल्या आणि काही दिवसांतच ती सरहद्द निकालात निघाली. रिगातील संपादकापुढे तसा दिवस दिसत नाही. 'मेदुझा'ला जानेवारी 2023 मध्ये 'अवांछित संघटना' ठरवण्यात आल्याने रशियात राहून त्याला वर्गणी पाठवणे हा फौजदारी गुन्हा झाला आहे, आणि तेथील वाचकाला ते उघडण्यासाठी व्हीपीएन, म्हणजे सरकारी अडथळा चुकवून जाणारी आडवाट, वापरावी लागते. या आडवाटांची जाहिरात करण्यावरही मार्च 2024 पासून बंदी आहे.