घटपर्णीची घरगुती निगा : खत का घालू नये?

कुंडीतले रोप मलूल दिसले की आपण जास्त पाणी घालतो आणि मूठभर खत टाकतो. घटपर्णी बहुधा याच मायेने मरते. असे का होते हे समजले, तर तिच्या निगेचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

१. निसर्गातील अधिवास

नेपेन्थिस प्रजातीची एकच जाती भारतात नैसर्गिकरीत्या आढळते : नेपेन्थिस खासियाना. ती मेघालयातील गारो, खासी व जैंतिया टेकड्यांवर वाढते. तेथील मुसळधार पावसाने मातीतील नायट्रोजन व फॉस्फरसची संयुगे वाहून जातात. ही उणीव ती कीटकांपासून भरून काढते. मात्र शर्करा ती इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे प्रकाशसंश्लेषणानेच तयार करते. म्हणजेच कीटक हे तिचे जेवण नव्हे, तिचे खत आहे.

२. घटाचे कार्य

घट हे फूल नसून पानाचे रूपांतर आहे. पानाच्या टोकातून तणावा निघतो आणि तणाव्याचे टोक फुगून घट बनतो. मधुरसाच्या ओढीने आलेला कीटक ओलसर, निसरड्या कडेवरून आत घसरतो. तळाच्या द्रवातील विकरे त्याच्या शरीरातील प्रथिनांचे विघटन करतात आणि घटाची भित्तिका ती द्रव्ये शोषून घेते. झाकण मिटून कीटक पकडला जातो, हा समज चुकीचा आहे. झाकण हलत नाही, ते मुख्यतः पावसाचे पाणी अडवते.

३. घरी वाढवताना

- माध्यम : बागेची माती व शेणखत टाळा. स्फॅग्नम शेवाळ आणि परलाइट, किंवा अनेकदा धुऊन क्षार काढलेले कोकोपीट आणि परलाइट वापरा.
- पाणी : पावसाचे किंवा आरओ यंत्रातून गाळलेले, कमी क्षारांचे पाणी द्या. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साचून मुळांना इजा करतात. माध्यम ओलसर ठेवा, पण कुंडी पाण्यात बुडवून ठेवू नका. मुळांना हवा लागते.
- प्रकाश : भरपूर, पण गाळलेले ऊन हवे. दुपारच्या कडक उन्हात पाने करपतात.
- हवा : दमट हवी. दिल्लीच्या उन्हाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत घट पूर्ण होण्याआधीच वाळतात. खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवून, कुंडी पाण्याला टेकणार नाही अशी खड्यांवर ठेवा.
- कीटक : रोप बाहेर असेल तर ते स्वतः पकडते. घरात असेल तर महिन्यातून एखादी मुंगी पुरे. मांस किंवा दूध घातल्यास घट कुजतो.

४. घट येत नसतील तर

आधी प्रकाश आणि दमटपणा तपासा. तिसरे कारण बोधप्रद आहे : मुळांना भरपूर नायट्रोजन मिळाला, तर रोप मोठी हिरवी पाने काढते आणि घट कमी करते. गरज संपल्यावर सापळ्यावर ऊर्जा कशाला खर्च करायची? जुने घट तपकिरी होणे मात्र नैसर्गिक आहे; ते वाळल्यावर कापून टाका.

५. रोप कोठून आणावे?

नेपेन्थिस खासियाना संकटग्रस्त आहे. तिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण असून आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी ती साइट्सच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. जंगलातून उपटलेले रोप विकत घेणे म्हणजे तिच्या ऱ्हासाला हातभार लावणे होय. घरासाठी रोपवाटिकेत वाढवलेले संकरित रोप निवडा. फिलिपिन्समधील जातींपासून झालेला ‘व्हेंट्राटा’ हा संकर नवशिक्यांना सोपा जातो.

विचार करा

1. कीटक मिळाले नाहीत तरी घटपर्णी काही काळ जगते; अंधारात मात्र जगत नाही. का?
2. तुमच्या गावातील नळाचे पाणी घटपर्णीला चालेल का? कसे तपासाल?