नाव बदललं, सवयींचं काय? : 'मालावीता' आणि साक्षीदार लपवण्याचा उद्योग

(बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढले आहेत. काही राहिले असतील, सांभाळून घ्या.)

आज एका फ्रेंच कादंबरीबद्दल बोलायचंय. टोनिनो बेनाक्विस्टा या लेखकाची 'मालावीता', २००४ साली आलेली. इंग्रजीत ती 'बॅडफेलाज' या नावाने मिळते. गोष्ट अशी की फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या एका छोट्या गावात रात्रीच्या वेळी एक अमेरिकन कुटुंब राहायला येतं. नवरा फ्रेड ब्लेक, बायको मॅगी, मुलगी बेल, मुलगा वॉरन आणि एक कुत्री. शेजाऱ्यांना वाटतं, चला, गावात परदेशी लेखक आला. खरं म्हणजे फ्रेडचं नाव जोव्हानी मांझोनी. हा माफियातला मोठा माणूस. याने कोर्टात आपल्याच लोकांविरुद्ध साक्ष दिली आणि आता सरकार त्याला लपवतंय. समोरच्याच घरात एफबीआयची माणसं चोवीस तास पहारा देत बसलेली. आणि कुत्रीचं नाव मालावीता. इटालियनमध्ये माफियाला जी अनेक नावं आहेत त्यातलंच हे एक. म्हणजे घरातल्या सगळ्यांची नावं बदलली, पण कुत्रीला हाक मारली की झालं!

इथे थोडं थांबून खरा कार्यक्रम कसा चालतो ते सांगतो, कारण ते कळल्यावर कादंबरीतला विनोद दुप्पट लागतो.

अमेरिकेत १९७० मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध एक कायदा झाला, त्यातून ही साक्षीदार संरक्षणाची योजना आली. कल्पना मुख्यतः जेराल्ड शर या सरकारी वकिलाची. अडचण साधी होती. माफियाविरुद्ध बोलायला कुणी तयार नाही, कारण बोलणारा जिवंत राहत नाही. मग शर यांचं म्हणणं असं, की साक्षीदाराला फक्त पहारा देऊन उपयोग नाही, त्याला दुसरा माणूस बनवा. नवं गाव, नवं नाव, नवी कागदपत्रं, आणि नोकरी लागेपर्यंत खर्चाला पैसे. हे काम यूएस मार्शल्स सर्व्हिसकडे आहे. कादंबरीत एफबीआय दाखवलंय आणि कुटुंबाला थेट फ्रान्सला पाठवलंय, ती लेखकाने घेतलेली सूट. आजवर साक्षीदार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून १९,००० पेक्षा जास्त लोक या योजनेतून गेलेत. मार्शल्सचा दावा असा, की नियम पाळणारा एकही जण मारला गेलेला नाही.

'नियम पाळणारा'. सगळी गंमत या दोन शब्दांत आहे. कारण नियम काय आहेत? जुन्या गावी जायचं नाही. जुन्या मित्रांना फोन नाही. आईच्या मयतीलाही परस्पर जायचं नाही. आणि लपवताय कुणाला, तर बहुतेक वेळा गुन्हेगारालाच. ज्याने आयुष्यभर एकही नियम पाळला नाही, त्याला सांगायचं की आता रांगेत उभा राहा आणि वीजबिल वेळेवर भर.

बेनाक्विस्टा नेमकं इथे बोट ठेवतो. फ्रेडच्या घरच्या नळाला खराब पाणी येतं. तुम्ही-आम्ही काय करू? तक्रार, अर्ज, नगरसेवक, व्हॉट्सॲप ग्रुप. फ्रेडही आधी सभ्यपणे प्रयत्न करतो, पण प्लंबर टोलवाटोलवी करायला लागला की त्याला एकच पद्धत माहितेय आणि ती प्लंबरच्या हाडांना महागात पडते. मुलगा वॉरन शाळेत मार खातो आणि मग मारामारी न करता, याचं काम करून दे, त्याला उपकारात ठेव, असं करत शाळेत स्वतःची छोटी टोळी उभी करतो. बापाकडून शिकवणी न घेता. मला हा भाग पुस्तकात सर्वात आवडला, कारण हसता हसता लक्षात येतं की पोरगं चौदा वर्षांचं आहे आणि त्याला दुसरं काही येतच नाही.

हे अतिरंजित वाटतंय? मग हेन्री हिल बघा. 'गुडफेलाज' ज्याच्या आयुष्यावर आहे तो. १९८० मध्ये तो या योजनेत गेला. नेब्रास्कातलं ओमाहा, मग केंटकी, मग वॉशिंग्टन राज्य. प्रत्येक ठिकाणी याचे उद्योग चालूच. पुन्हा ड्रग्जमध्ये सापडला आणि शेवटी योजनेतून बाहेर काढला गेला. एवढं होऊनही कुणी मारला नाही, २०१२ साली आजारपणात गेला. त्याच्यावर पुस्तक लिहिलं निकोलस पिलेगी यांनी, 'वाइजगाय', १९८५ साली. पिलेगींची बायको म्हणजे नोरा एफ्रॉन. त्याच माणसावरून तिला सुचला 'माय ब्लू हेवन', स्टीव्ह मार्टिनचा विनोदी सिनेमा, ज्यात माफियाचा माणूस कॅलिफोर्नियातल्या स्वच्छ, कंटाळवाण्या वसाहतीत कोंबला जातो. दोन्ही सिनेमे १९९० सालचे, महिन्याभराच्या अंतराने आलेले. एकाच घरात एकाच माणसावरून एकाला शोकांतिका दिसली आणि दुसरीला प्रहसन. दोन्ही बरोबर आहेत.

परत फ्रेडकडे. शेजारी विचारतात, तुम्ही काय करता? त्याच्या तोंडून निघून जातं, मी लेखक आहे. कशावर लिहिता? नॉर्मंडीत बसलाय म्हणून म्हणतो, दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्याच्या उतरणीवर. त्याला त्यातलं ओ की ठो माहीत नाही. पण घरात एक जुना टाइपरायटर असतो आणि हा खरंच लिहायला बसतो, स्वतःच्या आठवणी! विचार करा, ज्याला जिवंत ठेवण्यासाठी एवढी यंत्रणा राबतेय, तो रोज सकाळी आपली खरी ओळख कागदावर उतरवतोय. वरकरणी हा मूर्खपणा. पण दुसऱ्या कुणाला तो कोण होता हे सांगताच येत नसेल तर माणूस काय करणार?

आणि घर उघडं कशाने पडतं? फ्रेडच्या लिखाणाने नाहीच. वॉरनने शाळेच्या अंकात दिलेल्या एका विनोदाने. लहानपणी अमेरिकेत मोठ्यांच्या बैठकीत ऐकलेला विनोद. तो अंक हातोहात फिरत जगाचा प्रवास करतो आणि तुरुंगातल्या नेमक्या माणसासमोर येतो. योगायोग जरा जास्तच ताणलाय, मान्य. पण सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे वाचून घाम फुटतो. आम्ही टेस्टिंगसाठी ग्राहकांचा डेटा मास्क करतो. नाव बदललं, फोन बदलला, पत्ता बदलला, सगळे खूश. आणि मग 'शेरा' नावाच्या कॉलममध्ये कुणीतरी लिहिलेलं असतं, 'अमुक साहेबांचे मेहुणे, लवकर करा'. संपलं मास्किंग.

उलटी चूकही होते. २०१३ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा एक अहवाल आला. दहशतवादाच्या खटल्यांतले काही साक्षीदार स्वतःच संशयित होते. त्यांना योजनेने नवी नावं दिली, पण विमानप्रवास बंदीच्या यादीत जुनीच नावं राहिली. म्हणजे बंदी असलेला माणूस नव्या नावाने आरामात विमानात बसू शकत होता. दोन टेबलं, मध्ये सिंक नाही. आमच्याकडे अशाला तिकीट काढून बाजूला ठेवतात, इथे परिणाम भलताच झाला असता.

पण या सगळ्यात मला बोचते ती दुसरीच गोष्ट. १९६० च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे हा कायदा येण्याच्याही आधी, बफेलो शहरातल्या एका कामगाराची मुलं एके दिवशी गायब झाली. घटस्फोट झालेला, मुलं आईकडे, आणि आईचा नवा नवरा सरकारी साक्षीदार. सरकारने सगळ्यांना उचलून लपवलं. बापाचा काहीच गुन्हा नाही, आणि त्याला कुणी पत्ता सांगेना. कोर्टात गेला, तिथेही हरला. वर्षानुवर्षं शोधत राहिला. त्यावर जेम्स कानने १९८० मध्ये 'हाइड इन प्लेन साइट' हा सिनेमा काढला. तो अजिबात विनोदी नाही. 'मालावीता' वाचताना बेल आणि वॉरनकडे बघून मला सतत तो बाप आठवत होता. साक्ष एक जण देतो, आयुष्य पाच जणांचं पुसलं जातं.

तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, आपल्याकडे काय? आसाराम प्रकरणातल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, खून झाले, त्यातून आलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. महाराष्ट्राने तर २०१७ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती असते, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, आणि संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं. ओळख बदलण्याची, दुसरीकडे हलवण्याची तरतूद कागदावर आहे. पण बेनाक्विस्टाच्या फ्रेडला जरा आपल्या तालुक्याच्या गावी आणून बघा. पहिल्या दिवशी शेजारचे काका विचारणार, आडनाव काय? मूळ गाव? त्या गावात आमचे पाहुणे आहेत, तुम्ही कोणत्या वाड्यातले? दुपारपर्यंत काकांचा पाहुण्यांना फोन गेलेला असणार, आणि संध्याकाळी कळणार की त्या आडनावाचं तिथे कुणीच नाही. अमेरिकेत क्रेडिट हिस्टरी नसलेला माणूस संशयास्पद. आपल्याकडे भावकी नसलेला.

शेवटी सिनेमाबद्दल. २०१३ मध्ये लुक बेसाँने या पुस्तकावर 'द फॅमिली' काढला. त्यात गावातला फिल्म क्लब या अमेरिकन 'लेखका'ला एका जुन्या हॉलिवूडपटावर बोलायला बोलावतो. चुकून भलतीच रीळ येते, 'गुडफेलाज'ची. आणि फ्रेडचं काम करतोय रॉबर्ट डी नीरो, म्हणजे पडद्यावरही तोच. शेजारी त्याचा सरकारी रखवालदार टॉमी ली जोन्स, चेहरा दगडासारखा. चर्चा सुरू होते आणि फ्रेड असं काही रंगून बोलतो की सगळं गाव टाळ्या वाजवतं. आख्ख्या सिनेमात तेवढी एकच जागा पुस्तकाच्या तोडीची आहे. बाकी मारधाड जरा फारच आहे, त्यामुळे आधी पुस्तक वाचा. कुणाकडे छापील प्रत असेल तर कळवा, मी ई-बुकवर वाचलंय आणि मला ती हवी आहे.