खेळ हौसेचा, मग ताण कशाचा?

‘थोडे खेळत जा, मन मोकळे होईल,’ हा सल्ला आपण डॉक्टरांकडून अनेकदा ऐकतो. सल्ला योग्यच आहे. पण काही मंडळी सकाळी ताण घालवण्यासाठी म्हणून मैदानावर जातात आणि दुप्पट ताण घेऊन घरी परततात. बॅडमिंटनमध्ये हरले की नाश्ता गोड लागत नाही. कॅरममध्ये राणी हुकली की जोडीदाराशी अबोला. रोजची दहा हजार पावले भरली नाहीत तर रात्री साडेदहाला गच्चीवर येरझारा. ज्या गोष्टीने रक्तदाब उतरायचा, तिनेच तो चढू लागतो.

वाचकहो, ‘हौशी’ हा शब्दच ‘हौस’ या शब्दावरून आला आहे. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. मग खेळायला उतरताच आपण त्या हौसेचे मोल गुणांत का मोजू लागतो? आणि यावर काही उपाय आहे का? उपाय आहे, आणि तो एका शल्यविशारदाने शोधून काढला आहे. मात्र त्यासाठी आपल्याला जरा गोल्फच्या मैदानावर जावे लागेल. नागपुरात गोल्फ खेळणारे थोडे, पण मनाचा ताण समजून घ्यायला या खेळासारखी दुसरी शाळा नाही.

चेंडू स्थिर, मन अस्थिर

बॅडमिंटनचे फूल अंगावर आले की विचाराला वेळच मिळत नाही, हात आपोआप उठतो. गोल्फचा चेंडू मात्र गवतावर निमूट पडलेला असतो. तो कधी मारायचा हे आपणच ठरवायचे. अठरा भोकांचा पूर्ण डाव खेळायला साधारण चार तास लागतात. हौशी खेळाडू त्यात नव्वद-शंभर फटके मारतो. प्रत्येक फटक्याच्या तयारीला अर्धा मिनिट धरला तरी खरा खेळ पाऊण तासाचाच होतो. उरलेले तीन-सव्वातीन तास चालण्याचे. या रिकाम्या वेळात मागचा चुकलेला फटका आठवतो, पुढचा चुकेल अशी भीती वाटते आणि ‘लोक काय म्हणतील’ हा आपला जुना शत्रूही डोके वर काढतो.

ज्या भोकात चेंडू घालायचा त्याचा व्यास अवघा सव्वाचार इंच. चेंडू तीन फुटांवर असताना एरवी सहज जाणारा फटका, चार जण बघत असले की जात नाही. असे का व्हावे?

शरीरात काय घडते?

मनाला धोका वाटला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू आवळले जातात आणि तळहातांना घाम सुटतो. वाघ समोर आला असता तर ही तयारी उपयोगी पडली असती. पण नाजूक हाताने चेंडू ढकलायचा असेल तर हीच तयारी घात करते. मूठ घट्ट होते, खांदे कानांकडे चढतात आणि हात झटका देतो.

थोडा ताण वाईट नसतो. यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. उत्तेजना वाढली तर शिकण्याची गती काही मर्यादेपर्यंत वाढते आणि पुढे ती घटू लागते, काम अवघड असेल तर लवकरच घटते, असे त्यांना दिसून आले. तात्पर्य, ताण भाजीतल्या मिठासारखा असावा. मुळीच नसेल तर चव नाही आणि जास्त झाला तर भाजी वाया.

दुसरे कारण अधिक मजेशीर आहे. सायन बेलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली खेळाडूंची चाचणी घेतली. मुरलेल्या खेळाडूंना आपल्या हाताच्या हालचालीकडे बारीक लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा त्यांचा खेळ बिघडला. नवशिक्यांचे मात्र उलट झाले, त्यांना लक्ष दिल्याचा फायदा झाला. जिना उतरताना ‘आता उजवा पाय, आता डावा’ असा विचार करून बघा, पाय अडखळतो की नाही? अंगवळणी पडलेल्या कामात मनाने लुडबुड केली की असेच होते.

थोरांनाही चुकले नाही

गोल्फच्या इतिहासातले सर्वांत मोठे हौशी नाव म्हणजे अमेरिकेचे बॉबी जोन्स. पेशाने वकील. खेळाडू म्हणून पैसा न घेता ते अखेरपर्यंत हौशीच राहिले. पण तरुणपणी त्यांचा राग प्रसिद्ध होता. १९२१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील स्पर्धेत खेळ इतका बिघडला की अकराव्या भोकापाशी त्यांनी तो डावच सोडून दिला. पुढे त्यांनी रागावर ताबा मिळवला आणि १९२७ साली त्याच मैदानावर तीच स्पर्धा जिंकली. १९३० साली तर त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा त्यांनी एकाच वर्षात जिंकल्या आणि वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. बाहेरून शांत दिसणाऱ्या या माणसाचे वजन स्पर्धेच्या काही दिवसांत कित्येक पौंडांनी उतरत असे. तेव्हा ताण येणे हे दुबळेपणाचे लक्षण मुळीच नाही. प्रश्न आहे तो त्याचे करायचे काय, हा.

सर्जनचे औषध

आता आपल्या शल्यविशारदाकडे वळू. त्यांचे नाव डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ वॉलसी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे, तेथील गोल्फ क्लबात ते खेळत. समुद्रावरून जोराचा वारा येई आणि लांबच्या भोकांवर सामान्य खेळाडूची फार दैना होई. जुन्या पद्धतीत सर्व फटक्यांची बेरीज होते. तिसऱ्याच भोकावर दहा फटके पडले की ते ओझे अठराव्यापर्यंत वाहायचे. सकाळीच दिवस फुकट गेला असे वाटून लोक हिरमुसत.

डॉक्टरांनी मोजण्याची रीतच उलटी केली. फटके मोजण्याऐवजी प्रत्येक भोकासाठी गुण द्यायचे. आज रूढ असलेल्या पद्धतीत, अपेक्षेइतके फटके लागले तर दोन गुण. एक फटका जास्त लागला तर एक. एक कमी लागला तर तीन. आणि दोन किंवा त्याहून जास्त फटके अधिक लागले तर शून्य. शून्याच्या खाली काही नाही! दोन फटके जास्त गेले काय नि सात गेले काय, शिक्षा एकच. चेंडू उचला, खिशात टाका आणि पुढच्या भोकाकडे चालू लागा. १६ मे १९३२ रोजी वॉलसीच्या क्लबात या पद्धतीने पहिली स्पर्धा झाली आणि आज जगभरचे हौशी गोल्फपटू या पद्धतीने खेळतात.

हिशेब करून पाहा. अठरा भोकांवर प्रत्येकी दोन, म्हणजे छत्तीस गुण. एका भोकावर पूर्ण फजिती झाली तरी चौतीस उरतातच. एका चुकीची किंमत फक्त दोन गुण. चूक तीच, वारा तोच, खेळाडूही तोच. फक्त चुकीला तळ मिळाला, आणि मन मोकळे झाले.

याच्या जोडीला गोल्फमध्ये हँडिकॅपची सोय आहे. प्रत्येकाच्या कुवतीनुसार त्याला काही फटक्यांची सूट मिळते. त्यामुळे साठीचे आजोबा पंचविशीच्या नातवाशी बरोबरीने खेळू शकतात. त्यांची अपेक्षा त्यांच्या स्वतःच्या मापाने ठरते, नातवाच्या नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीतही एका भोकावर जास्तीत जास्त किती फटके धरायचे याला मर्यादा घातली आहे. म्हणजे डॉक्टरांचे म्हणणे नियम करणाऱ्यांनाही पटलेले दिसते.

आपण काय करावे?

गोल्फ असो, बॅडमिंटन असो वा गल्लीतले क्रिकेट, पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. खेळायला जाण्यापूर्वी कारण ठरवा. घाम गाळायला, मित्रांना भेटायला, की जिंकायला? तिन्ही कारणे चांगली आहेत. पण पहिल्या दोन कारणांसाठी गेलात तर हरून आल्यावर तिसऱ्याचे रडगाणे गाऊ नका.

२. चुकीला तळ द्या. ‘यापेक्षा जास्त मोजायचे नाही’ असे आधीच ठरवा. एक गेम गेला, शून्य मांडा आणि पुढचा गेम कोरा सुरू करा.

३. श्वास लांब सोडा. फटक्याआधी नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडा. सोबत खांदे खाली आणि मूठ सैल. असे दोन-तीन वेळा पुरे. सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते.

४. मधल्या वेळात खेळ सोडा. फटक्यापुरते लक्ष, नंतर मोकळे. झाडे बघा, पक्षी ऐका, गप्पा मारा. चार तास मूठ आवळून कोणी राहू शकत नाही.

५. शिकणे वेगळे, खेळणे वेगळे. हात कसा वळवायचा, पाय कुठे ठेवायचा, हे सरावाच्या दिवशी. सामन्यात नजर फक्त लक्ष्यावर.

६. घरी येऊन तीन चांगले फटके सांगा. वाईट सांगायची गरज नाही, ते आठवतातच.

तसेच, हात थरथरू नयेत म्हणून कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या घेऊ नयेत. त्यासाठी काही जण वापरतात ती बीटा-ब्लॉकर औषधे गोल्फच्या स्पर्धांत उत्तेजक-विरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत, आणि दमा असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकतात. खेळ संपल्यावर ‘शीण घालवायला’ पेला भरणेही खरे नव्हे. दारूने झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीचा ताण वाढतो. नागपूरकरांना खेळानंतर तर्री-पोहे हवेच असतात. अधूनमधून खुशाल खा, पण तर्री बेताने! आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा खेळ भल्या पहाटे उरकावा, पाणी सोबत ठेवावे.

आपल्या गावचे उदाहरण

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय अवघे एकोणीस, मानांकन पंधरावे, आणि अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपीसारखी अनुभवी खेळाडू. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांची टायब्रेक झाली आणि दिव्याने ती दीड विरुद्ध अर्धा गुणाने जिंकली. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. बुद्धिबळातही प्रत्येक डाव नव्याने मांडलेल्या पटावर सुरू होतो. कालच्या डावातली सोंगटी आजच्या पटावर नसते. मनातूनही ती काढता आली पाहिजे. दिव्यासारख्यांच्या वाट्याला मोठ्या स्पर्धांचा ताण येतोच, आपल्याला तर तो घ्यायची गरजही नाही.

मुलांना खेळायला पाठवणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. मूल घरी आल्यावर ‘जिंकलास का?’ हा पहिला प्रश्न नको. ‘मजा आली का?’ असे विचारून पाहा. दोन महिन्यांत फरक जाणवेल.

केव्हा सावध व्हावे?

खेळताना छातीत दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे याला ‘ताण असेल’ म्हणून सोडून देऊ नये. खेळ थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, आवडता खेळही नकोसा झाला असेल, तर ते खेळाचे दुखणे नव्हे. डॉक्टरांना भेटावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

घर, नोकरी, कर्ज, मुलांचे शिक्षण या गोष्टींत चुकीची किंमत मोजावीच लागते. तिथे शून्य मांडून पुढे जाता येत नाही. दिवसातला एखादा तास तरी असा असावा की जिथे चूक स्वस्त आहे. खेळ हा तो तास आहे. येत्या रविवारी मैदानावर जाल तेव्हा फजिती झालीच तर चेंडू उचला, हसा आणि पुढे चला. पुढचे भोक अजून कोरे आहे.